गणितात अडखळणाऱ्या मुलांसाठी छोटे पाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक वर्गांतल्या ज्या मुलांचं गणित मागे पडलंय, त्यांच्यासाठी रोजचा छोटा पाठ कसा आखायचा याबद्दल शिक्षक आणि पालक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं अशा मुलांसोबत बसून केलेल्या कामातून आली आहेत. मुलाचं चुकलेलं उत्तर नीट वाचता आलं की पाठ अर्धा आखून होतो, या एका गोष्टीवर माझा पक्का विश्वास आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत तीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत दिसेल.

छोटा पाठ म्हणजे नेमका किती वेळाचा?

दहा ते पंधरा मिनिटांचा. आठवड्यातून एकदा तासभर बसवणं आणि चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं बसवणं, यात वेळ सारखाच जातो; पण दुसऱ्या पद्धतीत मुलाच्या हाती कितीतरी जास्त लागतं. दोन पाठांच्या मध्ये मूल थोडं विसरतं आणि दुसऱ्या दिवशी ते आठवायची खटपट करतं. त्या खटपटीतूनच शिकलेलं पक्कं होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांवर वाटून केली तर जास्त टिकते, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

मिनिटांइतकंच महत्त्वाचं म्हणजे एका पाठात नवी गोष्ट एकच हवी. ‘हातच्याची वजाबाकी’ ही एक गोष्ट नव्हे, त्यात चार-पाच गोष्टी दडलेल्या आहेत. त्या कशा वेगळ्या करायच्या ते पुढे सांगते.

सुरुवात कुठून करायची? इयत्तेच्या पुस्तकापासून, की मुलाला येतं तिथपासून?

मुलाला येतं तिथपासून. पण ‘येतं तिथे’ म्हणजे कुठे, हे शोधणं हेच खरं काम आहे आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे मुलाची वही.

समजा मुलाने ५२ − २७ = ३५ असं लिहिलंय. ‘वजाबाकी येत नाही’ असा शेरा मारून पुन्हा पहिल्यापासून रीत शिकवायला घेतली, तर तो पाठ वाया जाण्याची शक्यता मोठी. जरा थांबून पाहा. त्याने ७ मधून २ काढले आणि ५ मधून २. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. त्याला वजाबाकी येते, आणि एका नियमाने येते: ‘लहानातून मोठं जात नाही, म्हणून मोठ्यातून लहान काढायचं.’ एकअंकी गणितं करताना कुणीतरी त्याला हेच सांगितलेलं असतं, तो ते इमानाने पाळतोय. त्याच्या डोळ्यांना ५२ ही एक संख्या दिसत नाही. ५ आणि २ असे दोन सुटे अंक दिसतात. पाठ हवा आहे तो यावर.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांची अशीच उकल केली होती. मुलं सहसा अंदाधुंद चुकत नाहीत. ती एखादी रीत नेमाने वापरतात, फक्त त्या रीतीत एक जागा बिघडलेली असते. हे एकदा मनात ठसलं की चुकीकडे बघण्याची आपली नजरच बदलते. राग येत नाही, उत्सुकता वाटते.

आणखी काही नमुने. ‘एकशे पाच’ सांगितल्यावर मूल १००५ लिहितं: त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं, आधी शंभर, मग पाच. ३८ + २५ = ५१३ लिहितं: बेरीज बरोबर केलीय, पण तेरामधल्या दहाचा एक दशक होतो हे हातांनी कधी केलेलं नाही. ७ + ५ = ११ लिहितं आणि जवळजवळ प्रत्येक बेरजेत उत्तर एकाने कमी येतं: ते पुढे मोजताना ७ पासूनच सुरुवात करतंय, ‘सात, आठ, नऊ, दहा, अकरा’. इथे पाठाचा विषय बेरीज नाहीच. ‘सातच्या पुढचं पाऊल आठ’ एवढाच आहे, आणि तो जमिनीवर पट्टी आखून उड्या मारत दोन पाठांत होतो.

वहीवरून कळलं नाही तर मुलाला विचारायचं: ‘हे कसं केलंस, मला सांगशील?’ बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारत जा. नाहीतर ‘कसं केलंस’ म्हणजे ‘चुकलंय’ असा अर्थ मुलं लगेच लावतात आणि खोडरबर शोधू लागतात.

आधी एखादी चाचणी घ्यावी का?

लेखी चाचणीची गरज नाही. शेजारी बसवून दहा मिनिटांत पाच-सहा गोष्टी करून घेतल्या तरी पुष्कळ कळतं.

वीसेक खडे समोर ठेवून ‘मला तेरा दे’ म्हणा. तेरापर्यंत पाठ म्हणता येणं आणि तेरा मोजून बरोबर थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग ‘अठ्ठावीसच्या पुढे मोज’, ‘बत्तिसापासून उलटं मोज’. दशक ओलांडताना, विशेषतः उलटं येताना, मूल अडतं का ते पाहा. पाच ठिपक्यांचं कार्ड क्षणभर दाखवून झाका आणि किती होते ते विचारा. ८ + ३ तोंडी विचारा आणि उत्तराकडे नाही, ओठांकडे बघा: एकपासून मोजतंय, आठच्या पुढे मोजतंय, की न मोजता सांगतंय? शेवटी १४ आणि ४१ लिहून ‘कोणती मोठी, तुला कसं कळलं?’

हे करताना काही शिकवायचं नाही. मूल चुकलं की दुरुस्त करायला जीभ शिवशिवते, पण त्या दहा मिनिटांत फक्त टिपून घ्यायचं.

पंधरा मिनिटांच्या पाठाचा आराखडा कसा दिसतो?

आधी हेतू एका वाक्यात लिहा, आणि तो असा लिहा की पाठ संपल्यावर तो साधला की नाही हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘बेरीज समजेल’ हे दिसत नाही. ‘८ ला दहा व्हायला २ हवेत हे वापरून ८ + ५ आणि ८ + ६ एकपासून न मोजता सांगेल’ हे दिसतं.

हाच पाठ घेऊ. कागदावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा, म्हणजे दहा घरांची चौकट झाली. सोबत एका रंगाचे नऊ आणि दुसऱ्या रंगाचे सहा मणी.

पहिली तीन मिनिटं जुन्याची. चौकटीत सात मणी ठेवून ‘दहा व्हायला किती हवेत?’ असे पाच-सहा झटपट प्रश्न. हे मुलाला येतच असलं पाहिजे. पाठाची सुरुवात जमणाऱ्या गोष्टीने झाली की मूल खुर्चीत सैल बसतं.

पुढची चार मिनिटं नवीन. चौकटीत आठ मणी ठेवायचे, दुसऱ्या रंगाचे पाच बाहेर. आपण बोलत बोलत करून दाखवायचं: ‘आठ आहेत. दोन घरं रिकामी आहेत. पाचातले दोन इकडे आणते. आता दहा झाले, बाहेर तीन उरले. दहा आणि तीन, तेरा.’ एवढंच, आणि दुसऱ्यांदा त्याच शब्दांत. शब्द दर वेळी बदलले तर मुलाला ती प्रत्येक वेळी नवीनच गोष्ट वाटते.

मग पाच-सहा मिनिटं मुलाचे हात आणि मुलाचं तोंड. ८ + ४, ८ + ६, मग ९ + ४. आपण गप्प. हा भाग सर्वांत लांब ठेवायचा आणि घाई झाली तर कापाकापी आपल्या बोलण्यात करायची, मुलाच्या वेळेत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत एकच गणित, मदतीविना: ८ + ५. कसं केलं ते मुलाने सांगायचं. ते काय म्हणालं हे तसंच्या तसं लिहून ठेवा, कारण उद्याचा पाठ त्या वाक्यातून सुरू होणार आहे.

हातच्याची वजाबाकी अशा छोट्या पाठांत कशी बसवायची?

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण अडखळणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात आणि याच ठिकाणी मोठ्यांचा धीर सुटतो.

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून ठेवा, काही सुट्या काड्या ठेवा. पहिल्या दिवशी वजाबाकी करायचीच नाही. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. एक गठ्ठा सोडायचा: आता चार गठ्ठे, बारा सुट्या. ‘आता किती काड्या आहेत?’ पुष्कळ मुलं इथे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मोजू द्या. गठ्ठा सोडला तरी ५२ चे ५२ च राहिले हे त्यांना स्वतः मोजून पटायला हवं; रीत पाठ असलेल्या पण उत्तर चुकणाऱ्या मुलांना नेमकं हेच पटलेलं नसतं. ५२, ३४, ६१ अशा तीन-चार संख्यांचे गठ्ठे सोडले की पहिला पाठ संपला.

दुसऱ्या दिवशी ‘५२ आहेत, मला ७ दे.’ दोनच सुट्या असतात. मूल थबकतं, काड्यांकडे बघतं, मग गठ्ठ्याकडे हात जातो. तो हात जाईपर्यंत वाट बघायची. ‘लहानातून मोठं जात नाही’ ही अडचण तिथे त्याला स्वतःची अडचण म्हणून भेटते आणि उपायही त्याचाच असतो. तिसऱ्या दिवशी ५२ मधून २७. चौथ्या दिवशी काड्या आणि लेखन शेजारी-शेजारी: गठ्ठा सोडला की लगेच ५ वर काट मारून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२. प्रत्येक काट एका हालचालीची नोंद आहे.

पाचवा पाठ सहसा राहून जातो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गठ्ठा सोडावा लागतो अशी आणि लागत नाही अशी गणितं सरमिसळ करून द्यायची, ५८ − २७ आणि ५३ − २७ शेजारी. सोडवायची नाहीत, फक्त ‘गठ्ठा सोडावा लागेल का?’ एवढंच सांगायचं. हा पाठ वगळला तर मुलं पुढे प्रत्येक वजाबाकीत दशकावर काट मारत सुटतात.

काही मुलांना उभी मांडणी तरीही झेपत नाही. त्यांना संख्यारेषेवर २७ पासून ५२ पर्यंत चालायला शिकवा: ३० पर्यंत ३, ५० पर्यंत २०, ५२ पर्यंत २, एकूण २५. ही रीत कमी प्रतीची अजिबात नाही. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांतलं अंतर हा अर्थ यात जास्त स्वच्छ दिसतो.

मूल बोटांवर मोजतं. बंद करावं का?

नाही. बोटं काढून घेतली तर ते बाकाखाली मोजेल आणि तुम्हाला दिसायचंही बंद होईल. मोजण्याची पद्धत मात्र बदलता येते. ८ + ३ साठी आठ बोटं उघडून पुन्हा एकपासून मोजणाऱ्या मुलाला ‘आठ डोक्यात ठेव’ म्हणून कपाळाला हात लावायला सांगा आणि फक्त तीन बोटं उघडू द्या. बेरजेच्या जोड्या ओळखीच्या झाल्या की बोटं आपोआप मिटतात.

मणी, काड्या किती दिवस वापरायच्या?

मूल त्यांच्याकडे न बघता त्यांच्याबद्दल बोलू लागेपर्यंत. जेरोम ब्रुनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं की समज तीन रूपांत येते: आधी कृतीतून, मग चित्रातून, मग चिन्हातून. हे तीन जिने एकदाच चढायचे असं नाही. प्रत्येक नव्या कल्पनेला मूल पुन्हा खालून सुरुवात करू शकतं, चौथीतलं मूलही.

वस्तूवरून एकदम आकड्यांवर उडी मारली की मुलं पडतात. मधे एक सोपी युक्ती आहे, झाकण्याची. आठ मणी ठेवा, मुलाला बघू द्या, वर कागद ठेवा आणि आणखी तीन मणी कागदाच्या बाहेर ठेवा. ‘किती झाले?’ आठ आता दिसत नाहीत, पण आहेत हे माहीत आहे. अडलं तर कागद उचलून बघायची मुभा. दोन-तीन दिवसांत ते कागद उचलणं विसरतं.

चित्रं काढताना मुलाला गुंतवून टाकणारी सजावट नको. दशकाला एक उभी रेघ, एककाला एक ठिपका, बस.

पाढे पाठ होतच नाहीत. काय करू?

आधी ओझं किती आहे ते मोजू, कारण ते वाटतं तितकं मोठं नाही. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. ३ × ७ आणि ७ × ३ एकच, हे ठिपक्यांचा आयत फिरवून मुलाला पटलं की शंभराचे ५५ उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेक मुलांना येतात किंवा लवकर येतात. ते बाजूला काढले की राहतात फक्त २१. एका मुलीसमोर मी ही २१ कार्डं मांडून ‘एवढंच उरलंय’ म्हणाले, तेव्हा तिने ती तीन वेळा मोजून पाहिली.

या २१ ना घोकण्याआधी एक-एक वाट द्या. तीनचं हवं तर दोनच्या पाढ्यातलं उत्तर घेऊन त्यात एकदा मिळवायचं. चारचं हवं तर दोनच्याची दुप्पट, आठचं हवं तर चारच्याची दुप्पट: चार साती अठ्ठावीस, म्हणून आठ साती छप्पन्न. सहाचं पाचच्यात एकदा मिळवून, नऊचं दहाच्यातून एकदा वजा करून. आणि सातचा पाढा, जो सगळ्यांना अवघड वाटतो, त्यातलं बाकी सगळं असं दुसऱ्या पाढ्यांतून आलेलं असतं. नवं उरतं ते एकटं सात साती एकोणपन्नास.

एका पाठात एकच वाट आणि तीन-चार कार्डं. ताल धरून पाढा म्हणायला माझी हरकत नाही, मुलांना तो आवडतो आणि लक्षातही राहतो. पण ‘सात आठी’ विचारल्यावर ज्या मुलाला ‘सात एके सात’ पासून निघावं लागतं, त्याला पाढा येतो, गुणाकार अजून येत नाही. म्हणून कार्डं पिसून विचारायची.

मराठीतल्या संख्यांच्या नावांनी गोंधळ होतो का?

होतो, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. ‘त्रेपन्न’ मध्ये आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. लिहायचे मात्र आधी ५. म्हणून ५३ चे ३५ होतात. ‘एकोणसाठ’ मध्ये कानाला साठ लागतात आणि हातून ६९ लिहिले जातात. वर ‘नव्याण्णव’ येऊन एकोणची साखळीच मोडतो. शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळा शब्द म्हणून शिकावी लागते.

यासाठी रोज दोन मिनिटं पुरतात. संख्या दोन प्रकारे म्हणायची: ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न.’ मुलाने आधी गठ्ठे दाखवायचे, मग नाव घ्यायचं, मग लिहायचं. एकोणच्या संख्या संख्यारेषेवर दाखवा: साठच्या एक पाऊल अलीकडे उभं राहून ‘साठला एक उणा, एकोणसाठ’. हा अर्थ सांगितला की मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचा आनंद दिसतो. आणि मूल ५३ ला ३५ लिहितंय म्हणून स्थानिक किमतीचे पाठ सुरू करण्याआधी तपासून घ्या: समोर ५३ काड्या ठेवून लिहायला सांगितल्यावर बरोबर लिहीत असेल, तर अडचण नावाची आहे, संख्येची नाही.

शाब्दिक उदाहरणांत मूल नुसते आकडे उचलून बेरीज करतं.

कारण ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, जास्त म्हणजे बेरीज’ अशा खुणा आपणच शिकवलेल्या असतात. हे उदाहरण पाहा: ‘मुलीकडे १२ मणी आहेत. ते तिच्या भावाकडच्या मण्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. भावाकडे किती?’ खुणेने चालणारं मूल १६ म्हणेल. उत्तर ८ आहे.

छोट्या पाठात असं करता येतं: पहिल्यांदा उदाहरण आकड्यांशिवाय सांगायचं. ‘मुलीकडे काही मणी आहेत. भावापेक्षा तिच्याकडे जास्त आहेत.’ कोणाकडे कमी? मुलाला दोन पट्ट्या काढू द्या, एक लांब, एक आखूड. मग आकडे पट्ट्यांवर लिहायचे. प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. एका पाठात एकच उदाहरण झालं तरी चालेल. घाईने सोडवलेल्या सहा उदाहरणांतून मूल पुन्हा खुणाच शोधायला शिकतं.

वाचन कच्चं असेल तर उदाहरण तुम्ही वाचून दाखवा. गणिताच्या पाठात अक्षरांशी झुंज नको.

‘बरोबर’ चं चिन्ह मुलांना कळलंय का, हे कसं ओळखायचं?

८ + ४ = □ + ५ द्या. चौकटीत १२ आले, किंवा १७, तर मुलाच्या मनात = चा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा आहे. दोन्ही बाजूंना सारखं असतं हे त्याला अजून भेटलेलं नाही. तराजूचं चित्र काढून, दोन्हीकडे मणी ठेवून एक-दोन पाठ घ्या, आणि रोजच्या गणितांतही कधीमधी ९ = ४ + ५ असं उलट लिहीत जा.

काल येत होतं, आज पाटी कोरी. असं का?

हे इतकं नेहमीचं आहे की ते आराखड्यातच धरून चालावं. नवी गोष्ट दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने विचारायची. आठवत नसेल तर उत्तर सांगायच्या आधी एखादी खूण द्यायची, रिकामी चौकट पुढे सरकवायची. स्वतः ओढून काढलेलं उत्तर जास्त दिवस राहतं. एकाच पाठात सलग वीस बरोबर आली म्हणून ते शिकून झालं असं मात्र समजू नका.

मूल गणित म्हटलं की गप्प होतं, रडतं. अशा वेळी पाठ घ्यावा का?

घ्यावा, पण वेगळा. भीती वाटत असताना मनाची जी थोडीशी जागा आकडे धरून ठेवायला लागते, ती भीतीनेच भरून जाते. मग येत असलेलंही येत नाही आणि मूल आपल्याला काहीच येत नाही असं ठरवून टाकतं. अशा मुलासोबत पहिला आठवडा लिखाण नको, घड्याळ नको, इतरांसमोर उत्तर नको. खड्यांचे, ठिपक्यांचे, अंदाज बांधायचे खेळ घ्या, ज्यात ‘साधारण किती?’ विचारलेलं असतं आणि एकच उत्तर बरोबर नसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. ती शांतता आपल्याला जड जाते, मुलाला ती हवी असते. आणि ‘किती सोप्पं आहे!’ हे वाक्य कायमचं सोडून द्या. न जमलेल्या मुलाला ते ऐकताना काय वाटत असेल याचा विचार केल्यापासून मी ते म्हटलेलं नाही.

हा डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि हिशेब शिकण्यातली खास अक्षमता, असू शकतो का?

असू शकतो. निरनिराळ्या अभ्यासांतले अंदाज साधारण ३ ते ७ टक्के मुलांच्या आसपास येतात. चार-पाच वस्तूही मोजल्याशिवाय न सांगता येणं, कोणती संख्या मोठी हे ठरवायला खूप वेळ लागणं, नियमित आणि नीट सराव होऊनही अगदी लहान बेरजा पुन्हा पुन्हा बोटांवर कराव्या लागणं, अशा खुणा बराच काळ टिकल्या तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. निदान शिक्षकाने किंवा पालकाने करू नये. त्याआधी डोळे आणि कान तपासले आहेत का, शाळा बुडाली होती का, शिकवण्याची भाषा मुलाला परकी आहे का, हेही पाहा. तपासणी होईपर्यंत पाठ थांबवायचे नाहीत. इथे सांगितलेल्या पद्धती अशा मुलांनाही चालतात, फक्त वेग कमी आणि पुनरावृत्ती जास्त लागते.

वर्ग मोठा आहे. प्रत्येकासाठी वेगळा पाठ कसा जमणार?

प्रत्येकासाठी नको. चुकीच्या प्रकारानुसार गट करा, गुणांनुसार नाही. मोठ्यातून लहान वजा करणारी चार मुलं एकत्र बसली तर एकच पाठ चौघांना लागू पडतो. बाकीचा वर्ग येत असलेल्या गोष्टीचा सराव करत असताना हा गट तुमच्याजवळ. गट दोन आठवड्यांनी बदला, म्हणजे कुणावर शिक्का बसत नाही.

घरी पालकांनी काय करावं?

रोज पाच मिनिटं, शाळेत येत असलेल्याच गोष्टीची. नवीन रीत शिकवू नका. तुमची रीत चुकीची नसते, पण दोन रीतींच्या मध्ये मूल चेंगरतं. ‘आज काय केलंस ते मला शिकव’ म्हणा आणि खरोखर शिका.

नोंद किती ठेवायची?

एका मुलामागे रोज एक ओळ: तारीख, शेवटचं गणित, मुलाने सांगितलेलं वाक्य. ‘८ + ५, “दोन दिले, तीन उरले, तेरा”.’ महिन्याने अशा पंधरा ओळी सलग वाचा. गुणपत्रिकेत न दिसणारी वाढ तिथे दिसते.

पाठ फसला तर?

तिथेच थांबवा, मुलाला येणारी एखादी गोष्ट करून घ्या आणि उठा. ओढाताण करून पंधराची पंचवीस मिनिटं करू नका. नंतर स्वतःला विचारायचं ते एवढंच, की मी एकाच पाठात दोन पावलं टाकायला लावली का? माझ्या बाबतीत बहुतेक वेळा तेच झालेलं असतं. ते पाऊल मधोमध मोडा आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा घ्या.

एखादी गोष्ट आता आली, पुढे जाऊ या, हे कधी समजायचं?

मूल मदतीशिवाय करतं, आठवड्यानंतरही करतं, वेगळ्या मांडणीत आलं तरी ओळखतं, आणि चुकलेलं गणित दाखवलं तर काय बिघडलंय ते सांगू शकतं. या शेवटच्या खुणेवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. ज्या मुलाने महिन्यापूर्वी ५२ − २७ = ३५ लिहिलं होतं, त्याच्यासमोर तेच गणित कुणा दुसऱ्याचं म्हणून ठेवा. ‘याने गठ्ठा सोडलाच नाही,’ असं ते म्हणालं की पुढच्या धड्याचं पान उघडा.